रिटायर कधी व्हायचं? भेटीला येण्याआधी एवढं वाचून या

“किती कोटी झाले की नोकरी सोडता येईल?” निवृत्तीच्या नियोजनाचा सल्ला घ्यायला आम्हाला फोन येतो, तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो. एखादा आकडा ठोकून देणं आम्हालाही सोपं आहे. पण तुमचा खर्च माहीत नसताना दिलेला आकडा काय कामाचा?

जमेची फाइल बहुतेकांची चोख असते. पीएफ, ग्रॅच्युइटी, एफडी, म्युच्युअल फंड, सगळं तारखेनिशी लावलेलं. खर्चाचं विचारलं की मात्र नवरा-बायको एकमेकांकडे बघतात आणि “पंचेचाळीस हजारांत भागतं” असं उत्तर येतं. ते भागत नसतं. किराणा, दूध, मेंटेनन्स, वीज, पेट्रोल तोंडपाठ असतं. सवलतीसाठी उन्हाळ्यात भरलेला मिळकतकर, गाडीचा विमा, मेडिक्लेमचा हप्ता, दिवाळी, लग्नाकार्यातले आहेर, दाढेचं रूट कॅनॉल आणि एखादी सहल कुणाच्याच लक्षात नसते. समजा हे सगळं वर्षाला १,८०,०००, म्हणजे महिन्याला १५,००० झालं. मग ४५,००० चे थेट ६०,००० होतात.

फरक किती मोठा आहे बघा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत कमाल मर्यादेएवढे ३० लाख ठेवले, तर ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० म्हणजे महिन्याला २०,५०० पडतात. विसरलेले १५,००० त्यातला जवळजवळ पाऊण हिस्सा खातात. शिवाय महागाई ६ टक्के धरली तर १२ वर्षांत ६०,००० चे १,२०,००० होतात, व्याज मात्र पाच वर्षं तेवढंच राहतं.

म्हणून मागच्या १२ महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि क्रेडिट कार्डाची बिलं आणल्याशिवाय आम्ही बैठकीला बसत नाही. काहींना हा आमचा हट्ट वाटतो. पण अंदाजावर मांडलेला तक्ता दुसऱ्या भेटीत पुसून पुन्हा मांडावा लागतो, त्यात तुमचीही सुट्टी जाते. दोघांनी मिळून यावं, हेही त्याचसाठी. घरातला निम्मा खर्च ज्यांच्या हातून होतो त्याच नेमक्या घरी राहतात.

राहतं घर आम्ही हिशेबात धरत नाही. कोथरूडचा फ्लॅट दीड कोटीचा असेल, पण त्यातली एक खोली विकून महिन्याचा किराणा भरता येत नाही. घर विकून लहान घरात जायचं नक्की ठरलं असेल तर सांगा, मग धरू.

भोसरी-चाकणच्या कारखान्यांतल्या मंडळींसाठी: पीएफच्या पेन्शनवर फार विसंबू नका. ज्यांनी पूर्ण पगारावरच्या पेन्शनचा पर्याय घेतलेला नाही, त्यांचं पेन्शन १५,००० पगाराच्या मर्यादेवरच निघतं. सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या वर्षांना तर ६,५०० चीच मर्यादा. तीस वर्षं नोकरी झाली तरी ते सात हजारांच्या वर सहसा जात नाही. ५८ च्या आधी घेतलं तर दरवर्षामागे ४ टक्के कपात.

व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेत असाल तर वर सांगितलेली बचत योजना ५५ नंतरही उघडता येते, मात्र पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. ही मुदत हुकली की साठीपर्यंत थांबावं लागतं.

आणि मेडिक्लेम. कंपनीचा ग्रुप विमा नोकरीबरोबर संपतो. नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. बीपी-शुगर असेल तर स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या. आमच्याकडूनच घ्या असं नाही, आम्ही पॉलिसी विकतच नाही.

आम्ही फी घेतो, कमिशन घेत नाही. “नुसत्या सल्ल्याचे पैसे?” असं विचारणारे पुण्यात भेटणारच. उत्तर एवढंच, की “आणखी दोन वर्षं थांबा” हे सांगून आमचं काही विकलं जात नाही, तरी आम्ही ते सांगतो. खर्चाचा कोरा तक्ता व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा, तो फुकट आहे. भरून आणलात तर एका बैठकीत काम होतं आणि दुसऱ्या बैठकीची फी वाचते.