वीस माणसांवरून मुंबईचं मत ठरत नाही

समलिंगी विवाहाबद्दल भारतीयांना काय वाटतं? प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकेतल्या सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये विचारलं, तेव्हा ५३ टक्के लोकांनी पाठिंबा दिला, ४३ टक्क्यांनी विरोध केला. असा आकडा आला की 'शहरं पुढारलेली, गावं मागासलेली' हे बोलणं लगेच सुरू होतं. मला ते मुळीच पटत नाही. मतांचा भूगोल इतका सरळ नसतो.

आधी साधा हिशेब. २०११ च्या जनगणनेत देशात १२१ कोटी माणसं होती, मुंबईत सव्वा कोटीच्या जवळपास. म्हणजे शंभरात एक. देशभरातून दोन हजार माणसं निवडली तर मुंबईची जेमतेम वीस. दोन हजारांच्या उत्तरांत दोन-सव्वादोन टक्के इकडेतिकडे होऊ शकतात, विसांच्या उत्तरांत तब्बल बावीस टक्के. त्यावरून एका शहराचं मत कसं सांगणार?

ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये मात्र नमुना घेतला नाही, सगळ्याच मतदारांना टपालाने विचारलं. ७९.५ टक्के लोकांनी उत्तर पाठवलं आणि त्यातले ६१.६ टक्के 'हो' म्हणाले. १५० मतदारसंघांपैकी फक्त १७ 'नाही' म्हणाले, आणि त्यातले १२ कुठल्या दूरच्या खेड्यापाड्यांतले नव्हते, सिडनीतलेच होते, बहुतेक पश्चिमेकडचे! सिडनी शहराच्या मध्यभागी ८३.७ टक्के 'हो'. तिथून चर्चगेट ते अंधेरी एवढ्या अंतरावरच्या ब्लॅक्सलँडमध्ये ७३.९ टक्के 'नाही'. शहर एकच. पण पश्चिमेकडे बाहेरून येऊन वसलेली, धर्माला धरून राहणारी कुटुंबं जास्त. फरक पत्त्याचा कमी आणि त्या पत्त्यावर कोण राहतं याचा जास्त, असं मला हे आकडे बघून वाटतं.

संशोधकांनी याच गोष्टीचा उपयोग करून घेतला आहे. कोलंबिया विद्यापीठाचे जेफ्री लॅक्स आणि जस्टिन फिलिप्स यांनी २००९ मध्ये अमेरिकेच्या राज्याराज्यांतलं मत असंच काढलं. देशभरच्या उत्तरांवरून आधी बघायचं, की वय, शिक्षण, वंश आणि राज्य यांनुसार मत कसं बदलतं. मग जनगणनेतून काढायचं, की त्या राज्यात कोणत्या वयाची, किती शिकलेली माणसं किती आहेत. या प्रमाणात वजन दिलं की थोड्या उत्तरांतूनही बऱ्यापैकी अंदाज येतो.

पण माणूस खरं बोललाच नाही तर? चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत एका बाईला प्रश्न विचारला जातोय, शेजारी सासूबाई बसल्यात, दारात पोरं उभी आहेत. ज्या घरातला मुलगा आपलं गुपित वर्षानुवर्षं पोटात ठेवून आहे, त्या घरात तर हा प्रश्न फार जड असतो. त्यासाठी एक युक्ती आहे आणि मला ती फार आवडते. निम्म्या लोकांना चार वाक्यं दाखवायची: लोकलचं भाडं कमी व्हावं, शाळा उशिरा भरावी, अशी. उरलेल्या निम्म्यांना तीच चार आणि पाचवं, 'दोन बायकांनी किंवा दोन पुरुषांनी लग्न केलं तर मला चालेल.' किती वाक्यं पटली, एवढंच विचारायचं. कोणती, ते विचारायचंच नाही. समजा पहिल्या गटाची सरासरी २.१ आली, दुसऱ्याची २.५. फरक ०.४, म्हणजे ४० टक्के लोकांना ते लग्न चालतं. त्या बाईने नुसतं 'तीन' म्हटलं असेल, तर त्यात पाचवं वाक्य होतं की नाही हे सासूबाईंनाही कळत नाही आणि प्रश्न विचारणाऱ्यालाही.