हसू येतं आणि हसं होतं, मधला फरक नजरेचा

हसू येतं आणि हसं होतं. शब्द जवळपास तोच, पण पहिल्यात आपण चारचौघांसोबत असतो आणि दुसऱ्यात चौघं एका बाजूला नि आपण एकटे दुसरीकडे. आवाज तर दोन्हीकडे खी खी असाच, मग कळतं कसं? बघायचं कोण कुणाकडे बघतंय ते.

हे आजचं नाहीये. नाट्यशास्त्रात भरताने हसण्याचे सहा प्रकार सांगितलेत, स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित, आणि गंमत म्हणजे तो नुसते ओठ-दात बघत नाही, डोळेही बघतो. विहसितात डोळे आणि गाल आकसतात, अपहसितात डोळ्यात पाणी येतं, आणि उपहसितात नाकपुड्या फुगतात नि नजर तिरकी होते. तिरकी! म्हणजे टोमणा मारून हसणारा माणूस अभिनयातसुद्धा सरळ बघत नाही.

युरोपातले विचारवंत मात्र बराच काळ "माणूस का हसतो" यातच अडकले होते. 17व्या शतकात थॉमस हॉब्ज म्हणाला की दुसऱ्यापेक्षा आपण वरचढ आहोत असं अचानक जाणवलं की हसू फुटतं. मला हे अर्धंच पटतं, कारण हे हसं झालं, हसू नाही. मग 1862 मध्ये द्युशेन या फ्रेंच डॉक्टरने चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे झटके देऊन काढलेले फोटो छापले आणि दाखवलं की ओठ मुद्दाम ताणता येतात पण मनापासून हसताना डोळ्याभोवतीचा जो स्नायू आकसतो तो सहजासहजी आपलं ऐकत नाही. फोटोसाठीचं हसू पकडलं जातं ते इथेच.

नजरेकडे समाजशास्त्र वळलं ते जर्मन अभ्यासक जॉर्ज सिमेलमुळे, 1908 च्या आसपास. त्याचा मुद्दा साधा होता, कान नुसता घेतो पण डोळा घेता घेता देतोही, कुणाला निरखायला गेलं की आपणही उघडे पडतो, म्हणून तर लाज वाटली की आपण मान खाली घालतो. 1963 मध्ये अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने याची उलटी बाजू मांडली, अनोळखी माणूस समोरून येताना एकदा बघायचं, दखल घेतली एवढं कळू द्यायचं आणि नजर काढून घ्यायची. रोखून बघत राहिलं तर धमकी वाटते, अजिबात बघितलं नाही तर अपमान.

आणि विनोदाचं काय? रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन संशोधकाने 1990 च्या दशकात लोकांच्या गप्पांमधले 1200 हसण्याचे प्रसंग नोंदवले तर विनोदासारखं काही निघालं ते 20 टक्क्यांहून कमी वेळा, बाकी सगळं "चला निघतो मी" टाइप वाक्यांनंतर, आणि ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाराच जास्त हसत होता. एकटं असताना माणूस क्वचित हसतो, सोबतीत त्याच्या तीसेक पट.

व्हिडिओ कॉलवर म्हणूनच अवघडल्यासारखं होतं. कॅमेरा स्क्रीनच्या वर असतो, आपण समोरच्याच्या डोळ्यात बघतो आणि त्याला मात्र दिसतं की आपण खाली बघतोय, त्यात आवाज पोचायला जरा उशीर आणि निम्मे लोक म्यूटवर, की झालंच, हसतोय आपण एकटेच.