युरेनियम जातं, चोथा राहतो

विदर्भातल्या घुग्घुस-वणीच्या कोळसा खाणींच्या पट्ट्यात कापूस वेचताना बोंडावरची काळी धूळ आधी झटकावी लागते. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांकडे तीच तऱ्हा, फक्त रंग राखेचा. म्हणून "कोळसा बंद करा अन् अणुवीज आणा, ना धूर ना राख" हे आपल्याकडे पारावर सहज ऐकू येतं. धुराचं खरं आहे. अणुभट्टी चालताना कार्बन डायऑक्साइड सोडत नाही. राखेचं मात्र तसं नाही. जळालेलं इंधन भट्टीपाशी साठवावं लागतं, हे बहुतेकांना माहीत असतं. त्याच्या कितीतरी पट मोठा ढीग, युरेनियम काढून उरलेल्या खडकाच्या चोथ्याचा, भट्टीपासून दूर कुठल्यातरी गावात, खाणीच्या तोंडाशी पडलेला असतो.

झारखंडच्या पूर्व सिंहभूम जिल्ह्यातली जादुगुडा ही देशातली पहिली युरेनियम खाण. १९६७ मध्ये सुरू झाली. तिथल्या एक टन खडकातून जेमतेम अर्धा-पाऊण किलो युरेनियम निघतं. खडक दळायचा, गंधकाम्लात युरेनियम विरघळवायचं, आणि त्याची पिवळी पूड हैदराबादच्या इंधन कारखान्याला धाडायची. मागे उरलेल्या चोथ्यातला जाडसर भाग खाणीत परत भरतात, बारीक लगदा बंधाऱ्यामागे सोडतात. ज्यानं वीजकेंद्राची राख साठवणारा राख बंधारा पाहिला आहे त्याला हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको.

युरेनियम काढलं म्हणजे धोकाही गेला, असं वाटतं. पण खडकात युरेनियमसोबत त्याची अख्खी वंशावळ बसलेली असते. युरेनियमच्या ऱ्हासातून पुढे थोरियम-२३० येतं, त्यातून रेडियम-२२६, आणि रेडियममधून रेडॉन वायू. कारखान्याला हवं असतं फक्त युरेनियम, बाकीच्या भावकीला कोण विचारतो! त्यामुळे मूळ खनिजाची सुमारे ८५ टक्के किरणोत्सारिता चोथ्यातच राहते. रेडियम निम्मं व्हायला १,६०० वर्षं लागतात, थोरियम-२३० ला सुमारे ७५,०००. थोरियम आहे तोवर नवं रेडियम तयार होतच राहतं. आपल्याकडे बंधाऱ्याच्या कंत्राटदाराची हमी किती वर्षांची असते, ते तुम्हीच आठवा.

यातला सगळ्यात लबाड रेडॉन. रंग नाही, वास नाही. चार दिवसांच्या आत तो निम्मा होतो, पण त्याच्यापासून बनणारे पोलोनियमसारखे घन कण धुळीला चिकटून श्वासावाटे फुप्फुसात बसतात. त्यांच्यातून निघणारे अल्फा कण बाहेरून आले तर कातडीवरच अडतात. आत बसून मात्र ते शेजारच्या पेशींचा डीएनए तोडतात. अमेरिकेच्या नैऋत्य भागातले नवाहो आदिवासी १९४० च्या दशकापासून पुरेशी हवा खेळत नसलेल्या युरेनियम खाणींत उतरत होते. त्यांच्यात विडी-सिगारेटचं प्रमाण फारच कमी, तरी फुप्फुसाचा कर्करोग बोकाळला. शेवटी १९९० मध्ये भरपाईचा कायदा करावा लागला.

बंधारे फुटतातही. जुलै १९७९ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या चर्च रॉक इथे चोथ्याचा बंधारा फुटला आणि सुमारे ३५ कोटी लिटर आम्लयुक्त, किरणोत्सारी पाणी पुएर्को नदीत गेलं. नवाहोंच्या मेंढ्या त्याच नदीवर पाणी प्यायच्या. जादुगुड्यात २००६ च्या डिसेंबरात लगदा वाहून नेणारी पाइपलाइन फुटली. कोराडीजवळच्या आपल्या खसाळ्याचा राख बंधारा फुटला तो जुलै २०२२ मध्ये, भर पावसाळ्यात.

राखेतही युरेनियम असतं बरं का. कोळशात दहा लाख भागांत एक ते चार भाग; कोळसा जळाला की ते राखेत दोन-तीन पट दाट होतं. तरीही किरणोत्साराच्या हिशेबात राख आणि युरेनियमचा चोथा यांची बरोबरी करू नये. राखेचा खरा त्रास बारीक धुळीचा आणि जड धातूंचा.

पाण्याची गोष्ट वेगळी. पश्चिम विदर्भ बेसाल्टवर बसला आहे, त्या खडकात युरेनियम कमी. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडचे ग्रॅनाइट आणि नाइस हे खडक फार जुने, आणि अशा खडकातून खाण नसतानाही बोअरच्या पाण्यात युरेनियम उतरू शकतं. इथे पहिली इजा किरणांची नसते. जड धातू म्हणून ते मूत्रपिंडाला त्रास देतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम आहे. पाणी उकळून युरेनियम जात नाही, उलट पाणी आटल्यानं दाट होतं. आरओनं बरंचसं निघतं. फ्लोराइडच्या तपासणीसाठी बोअरच्या पाण्याचा नमुना देताना युरेनियमची तपासणी वेगळी सांगून करून घ्यावी.