ग्लायडरच्या ट्रॅकरसाठी हॅम लायसन्स : नागपूरकरांनी अर्ज कसा करायचा

ग्लायडर शेतात उतरलं की गाडी नेमकी कुठं पाठवायची, हे एपीआरएसवरून (हॅम रेडिओवरून स्थान कळवायची पद्धत) कळतं. जीपीएसचं स्थान आणि उंची ठरावीक वेळानं रेडिओवरून जाते, सिमकार्ड लागत नाही. पण हे चालतं 144 ते 146 मेगाहर्ट्झच्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या बँडवर, म्हणून आधी लायसन्स, मग सेट. विनापरवाना सेट नुसता बाळगणंही बेकायदेशीर आहे.

भारतीय नागरिक आणि वय किमान 12, एवढी पात्रता. लायसन्सच्या दोन ग्रेड : जनरल ग्रेडला मिनिटाला 8 शब्दांचा मोर्स द्यावा लागतो, रिस्ट्रिक्टेडला नाही. ग्रेड निवडण्याआधी तिच्या एमिशनच्या (परवानगी असलेल्या प्रसारण-प्रकारांच्या) यादीत एफ2डी आहे का बघा. एपीआरएस त्यातच मोडतं.

दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर नोंदणी करून एएसओसी (हॅम ऑपरेटरचं प्रमाणपत्र) परीक्षेचा अर्ज भरा. नियमांतल्या केंद्रांमध्ये नागपूर आहे, मुंबईची फेरी वाचते. प्रश्न रेडिओचं तंत्र आणि नियम या दोन भागांत. फोटो, सही, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा स्कॅन करून ठेवा. घोळ होतो तो नावाचा : दहावीच्या सनदेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. सगळीकडे एकच क्रम ठेवा, नाहीतर पास होऊनही लायसन्सच्या टप्प्यावर अडकाल. लायसन्स 20 वर्षांसाठी 1000 रुपये, आजीवन 2000. आजीवनच घ्या.

हॅम लायसन्स म्हणजे विमानात सेट लावायची परवानगी नव्हे. त्यासाठी डब्ल्यूपीसीला (दूरसंचार विभागाची रेडिओ परवाने देणारी शाखा) आणि ग्लायडिंग केंद्राच्या मुख्य प्रशिक्षकांना लेखी विचारा. लेखी होकार येईपर्यंत ट्रॅकर रिट्रीव्हच्या (उतरलेलं ग्लायडर आणायला जाणाऱ्या) गाडीत वापरा. कॉलसाइनपुढे (लायसन्ससोबत मिळणारी तुमची रेडिओ-ओळख) गाडीला -9, विमानाला -11.

सेटिंगमध्ये बहुतेकजण चुकतात. 2000 मीटरवरून सिग्नल साधारण 180 किलोमीटर जातो, त्यामुळे वाइड1-1 (संदेश कुणी पुढं पाठवायचा ते सांगणारं सेटिंग) टाकलं की खालचे सगळे डिजिपीटर (संदेश ऐकून पुन्हा पाठवणारी स्टेशनं) एकदम ओरडतात आणि चॅनल तुंबतो. हवेत वाइड2-1 पुरे. एपीआरएसची फ्रिक्वेन्सी अमेरिकेत 144.390, युरोपात 144.800 मेगाहर्ट्झ, म्हणून परदेशातून आणलेला ट्रॅकर तसाच सुरू करू नका, जवळचा आयगेट (संदेश इंटरनेटवर टाकणारं स्टेशन) कुठल्या फ्रिक्वेन्सीवर ऐकतो ते आधी विचारा. पॅकेट (ट्रॅकरनं पाठवलेला संदेश) दिसत नसेल तर ट्रॅकरचा ऑडिओ कमी करा, डेव्हिएशन (सिग्नलची फ्रिक्वेन्सी किती हलते ते) 3 किलोहर्ट्झच्या आसपास हवं. पीटीटी (प्रसारण सुरू करणारं बटण) दाबल्यावर सेटला तयार व्हायला 300 मिलिसेकंद द्या, नाहीतर पॅकेटचं डोकंच कापलं जातं. कार्बन फायबरच्या बॉडीत अँटेना आत ठेवली तर जीपीएसही मुकं होतं. ग्लास फायबरला ही अडचण नाही. आणि ट्रॅकर होकायंत्रापासून लांब.