रिस्टोर करताना डेटाबेसला मेमरी किती द्यायची?

हंगाम लागला की फोन ठरलेला: "भाऊ, रिस्टोर लावून चार तास झाले, अजून सुरूच आहे." रिस्टोर म्हणजे बॅकअपमधला डेटा डेटाबेसमध्ये परत भरणं. कापसाच्या गाड्या गेटवर उभ्या आणि काट्याची पावती निघत नाही, तेव्हा जीव कसा टांगणीला लागतो ते आम्ही रोज बघतो.

आपलं सॉफ्टवेअर मायएसक्यूएल या डेटाबेसवर चालतं. त्याच्या सेटिंग फाईलमधला 'बफर पूल', म्हणजे डेटा हाताशी ठेवायला डेटाबेसला दिलेली रॅम, मूळचा फक्त 128 एमबी असतो. डेटा मोठा असला की एवढ्याशा जागेत इंडेक्स (नोंदी शोधायची सूची) मावत नाही, डेटाची तीच पानं डिस्कवरून पुन्हा पुन्हा आणावी लागतात. म्हणून तो वाढवायचा, हे तुम्हाला माहीत आहेच.

घोळ होतो तो पुढे. मशीनमध्ये 8 जीबी रॅम, म्हणून 8 जीबीच लिहून मोकळे! मागच्या हंगामात हिंगणघाटकडच्या एका जिनिंगवर गेलो. विंडोज, टॅली, ब्राउझर सगळं त्याच मशीनवर. डिस्कचा दिवा विझायलाच तयार नाही, माउस फिरवला तरी बाण जागेवर. रॅम संपली की विंडोज डिस्कवरच भागवतं, आणि डिस्क तर आधीच रिस्टोरमध्ये गुंतलेली. आकडा 3 जीबी केला, टॅली बंद केलं, मायएसक्यूएलची सर्व्हिस रीस्टार्ट करून रिस्टोर पुन्हा लावला. जेवण आटोपेपर्यंत रिस्टोर झाला होता.

8 जीबीच्या, इतर कामंही चालणाऱ्या मशीनला 3 जीबी पुरे. मशीन फक्त डेटाबेससाठी असेल तर अर्धी ते पाऊण रॅम द्या. फाईल सेव्ह केली तरी सर्व्हिस रीस्टार्ट केल्याशिवाय नवा आकडा लागू होत नाही.

'फ्लश लॉग' ही सेटिंग प्रत्येक नोंद लगेच डिस्कवर पक्की करायची की नाही ते ठरवते. तिचा 1 बदलून 2 केला की रिस्टोर आणखी पळतो. पण काम झाल्यावर तो परत 1 करायचा राहिला आणि लाईन गेली, तर शेवटच्या सेकंदातली पावती गेली समजा. आपल्याकडे लाईनचा भरवसा नाही, म्हणून ही सेटिंग आम्ही फोनवर सांगत नाही, स्वतः येऊन करतो. याला काही जण आडमुठेपणा म्हणतात, पण पावती तुमची असते.

वार्षिक करारातल्या ग्राहकांकडे दसऱ्याआधी येऊन आम्ही एक रिस्टोर करून बघतो आणि किती वेळ लागला ते चिठ्ठीवर लिहून मशीनला चिकटवतो. बाकीच्यांनी रिस्टोर लावायच्या आधी टास्क मॅनेजरमधल्या मेमरीच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवावा, आकडा आम्ही कळवतो.