जेल रोडवरचा मोबाइल म्युनिकमध्ये कसा चालतो: टेलिकॉम स्टँडर्डची मागची गोष्ट

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात ६जी, म्हणजे मोबाइलच्या पुढच्या पिढीवरून चांगलीच जुंपली. एका काकांनी लिहिलं की हे युरोपवाल्यांचं स्टँडर्ड (म्हणजे सगळ्या कंपन्यांनी पाळायचे तांत्रिक नियम) आपण अजून किती दिवस डोक्यावर घेऊन फिरायचं, आपलं स्वतःचं बनवा की. मग कुणी अंगठे दिले, कुणी झेंडे, मी उत्तर टाइप करायला बसलो आणि लक्षात आलं की हे काही चार ओळींत मावत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. काकांचा प्रश्न चुकीचा नाहीये, पण "आपलं स्वतःचं" हा प्रयोग आधी बऱ्याच जणांनी करून झालाय, खुद्द युरोपने केला, आपणही केला.

सुरुवात मोबाइलपासून नाही, तारेपासून करावी लागते. १८५० च्या आसपास युरोपात ज्याची त्याची तार, ज्याचे त्याचे कोड, ज्याचे त्याचे दर. तार सरहद्दीपर्यंत यायची आणि तिथे थांबायची. फ्रान्स आणि बाडेन (हा भाग आता जर्मनीत आहे) यांच्यात १८५२ मध्ये करार झाला तेव्हा स्ट्रासबर्गला एक कॉमन ऑफिस काढलं, त्यात एक फ्रेंच कारकून आणि एक बाडेनचा कारकून. पॅरिसहून आलेली तार फ्रेंच कारकुनाने कागदावर उतरवायची, टेबलावरून समोरच्याला द्यायची, त्याने तिचं जर्मन करायचं आणि आपल्या तारेवरून पुढे पाठवायची. विजेच्या वेगाने आलेला निरोप टेबलावर हाताने सरकवायचा! आमच्याकडच्या जुन्या लोकांना हे लगेच कळेल, इंदूरहून मीटरगेजने निघायचं आणि खंडव्याला सगळं सामान उतरवून ब्रॉडगेजची मुंबईची गाडी धरायची, तोच प्रकार.

यातून १७ मे १८६५ ला पॅरिसमध्ये २० देशांनी करार केला आणि इंटरनॅशनल टेलिग्राफ युनियन सुरू झाली, तीच आजची आयटीयू. मोर्स सगळ्यांनी वापरायचं, दर एका पद्धतीने लावायचे, हिशेब एकत्र करायचा, असं साधंच होतं ते. गंमत म्हणजे ब्रिटनला तेव्हा त्यात जागा नव्हती, कारण तिथली तार खाजगी कंपन्यांकडे होती आणि करार सरकारांमधला. ब्रिटिश इंडिया मात्र १८६९ पासून मेंबर आहे, खुद्द ब्रिटन तार सरकारी झाल्यावर १८७१ मध्ये आला. म्हणजे राणीच्या देशाआधी आपण. अर्थात त्या खुर्चीवर आपलं कुणी बसत नव्हतं, साहेबच बसायचा, हे काकांच्या बाजूने लिहून ठेवतो.

मग वायरलेस आलं आणि तोच घोळ नव्याने. मार्कोनी कंपनीचे ऑपरेटर दुसऱ्या कंपनीच्या सेटवरून आलेले निरोप घ्यायचेच नाहीत. १९०२ मध्ये प्रशियाचा राजपुत्र हाइनरिश अमेरिकेहून परत जाताना जहाजावरून अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना आभाराचा संदेश पाठवू पाहत होता, तो घेतला गेला नाही, का तर जहाजावरचा सेट मार्कोनीचा नव्हता. राजपुत्राला नाही म्हटल्यावर जे व्हायचं ते झालं. १९०३ ला बर्लिनमध्ये बैठक, १९०६ ला तिथेच करार, की सेट कुठल्याही पद्धतीचा असू दे, जहाज आणि किनारा यांनी एकमेकांचे निरोप घ्यायचे. एसओएस हा संकटाचा इशारा पण त्याच १९०६ च्या करारातला.

पुढची चाळीस-पन्नास वर्षं पटकन सांगतो. १९३२ मध्ये माद्रिदला तार आणि रेडिओ एकत्र करायचं ठरलं आणि नाव झालं इंटरनॅशनल टेलिकम्युनिकेशन युनियन, १९४७ मध्ये ती संयुक्त राष्ट्रांशी जोडली गेली, मग ऑफिस बर्नहून जिनिव्हाला. टेलिफोन आणि तार यांच्या तांत्रिक कमिट्या १९५६ मध्ये एक होऊन सीसीआयटीटी झाली. हे नाव आता कुणाला आठवत नाही, पण जगातले कंट्री कोड तिनेच वाटले, आपला ९१ तिथला. उत्तर अमेरिकेला मिळून १, युरोपात देश जास्त म्हणून त्यांना ३ आणि ४ असे दोन आकडे, आणि आपण ९ च्या पट्ट्यात. इंदूरचा ०७३१ हा आपल्या घरचा कारभार, पण परदेशातून लावताना सगळं मिळून १५ आकड्यांच्या वर जायचं नाही हा नियम तिकडचा. फॅक्स मशीन कुठल्याही कंपनीचं असलं तरी समोरच्याच्या मशीनशी जुळायचं ते पण याच कमिटीमुळे.

आता खरा विषय.

युरोपात १९५९ पासून सीईपीटी नावाची संघटना होती, पण तिच्यात सगळी पोस्ट अँड टेलिग्राफ खाती, आपल्या जुन्या पी अँड टी सारखी, प्रत्येकाच्या पदरी एक-दोन लाडके कारखानदार. मोबाइल आला तेव्हा प्रत्येकाने "आपलं स्वतःचं" केलं. नॉर्वे-स्वीडन-फिनलंड-डेन्मार्कने मिळून एनएमटी केलं (१९८१, आणि त्यातल्या त्यात शहाणपणाचं हेच, सीमा ओलांडली तरी चालायचं), ब्रिटनने टीएसीएस, जर्मनीने सी-नेट्झ, फ्रान्सने रेडिओकॉम २०००, इटलीने आणखी एक. गाडीत बसवलेला जाडजूड फोन घेऊन माणूस सरहद्द ओलांडायचा आणि फोन मुका. बाजार छोटा म्हणून हँडसेट महाग, हँडसेट महाग म्हणून बाजार छोटा. काका, हे होतं युरोपचं स्वदेशी.

१९८२ मध्ये सीईपीटीने एक कमिटी नेमली, नाव ग्रूप स्पेसियाल मोबिल, म्हणजे जीएसएम, हे मुळात कमिटीचं नाव आहे हो. अध्यक्ष स्वीडनचे थॉमस हाउग. १९८६ च्या शेवटी पॅरिसमध्ये आठ वेगवेगळ्या डिजिटल पद्धतींची चाचणी घेतली आणि १९८७ च्या फेब्रुवारीत पोर्तुगालच्या मदेरा बेटावर मतं जमवली तर १५ पैकी १३ देश एका बाजूला, आणि फ्रान्स-जर्मनी दुसऱ्या बाजूला, कारण त्यांच्या कंपन्यांनी वाइडबँडवर, म्हणजे लहरींचा रुंद पट्टा वापरणाऱ्या पद्धतीवर, पैसा लावलेला. सगळ्यात मोठे दोन बाजार अडून बसल्यावर स्टँडर्ड कसलं होतंय, शेवटी मे महिन्यात बॉनला मंत्र्यांनी बसून मिटवलं. इथे मला नेहमी वाटतं की स्टँडर्ड इंजिनियर बनवतात हे अर्धंच खरं, हट्ट सोडायला मंत्रीच लागतो. लगेच युरोपने सगळ्या देशांत ९०० मेगाहर्ट्झचे तुकडे राखून ठेवायचा आदेश काढला, आणि ७ सप्टेंबर १९८७ ला कोपनहेगनमध्ये १३ देशांच्या ऑपरेटरांनी सही केली की १९९१ पर्यंत आम्ही हेच सुरू करू. ही सही माझ्या मते मुख्य, कारण कारखानदाराला आता माहीत की गिऱ्हाईक पक्कं आहे.

१९८८ मध्ये नीसजवळ सोफिया अँटिपोलिसला एट्सी ही युरोपची टेलिकॉम स्टँडर्ड बनवणारी संस्था निघाली आणि काम तिच्याकडे गेलं. फरक असा की इथे फक्त सरकारी खाती नाहीत, कंपन्या आणि ऑपरेटर पण मेंबर. स्टँडर्डचे कागद कुणीही फुकट डाउनलोड करू शकतो, पण त्यातल्या पेटंटचे पैसे वेगळे, वाजवी दराने द्या-घ्या एवढाच नियम, आणि "वाजवी" म्हणजे किती यावर कोर्टकचेऱ्या अजून संपलेल्या नाहीत. १ जुलै १९९१ ला फिनलंडमध्ये पहिला जीएसएम कॉल झाला.

आणि एसएमएस. याबद्दल मला जरा राग आहे तो काढून घेतो. एका एसएमएसला जागा १४० बाइट, त्यात सात-सात बिटांची १६० अक्षरं बसवली. त्या अक्षरांच्या तक्त्यात इंग्रजी, जर्मन, स्कँडिनेव्हियन टोप्या आणि ठिपके, ग्रीकची काही मोठी अक्षरं सुद्धा, कारण टेबलाभोवती ती माणसं होती. देवनागरी पाठवायची तर प्रत्येक खुणेला १६ बिट, म्हणजे १६० चे ७०, आणि खूण म्हणजे काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगवेगळं मोजलं जातं. "शुभेच्छा" एवढ्याच शब्दात आठ गेले. नंतर स्टँडर्डमध्ये भारतीय भाषांचे तक्ते घातले, हिंदी, गुजराती, बंगाली, तमिळ असे दहा, मराठीचा वेगळा नाही, हिंदीच्या तक्त्यात भागवा. आम्ही इंदूरवाले तसेही भागवतोच म्हणा.

भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला, कोलकात्याहून तेव्हाचे बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना केला, तो जीएसएमवर. आपण युरोपचं घेतलं ते गुलामी म्हणून नाही, तयार होतं, अनेक कंपन्यांचा माल मिळत होता, आणि सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येत होतं. पुढे अमेरिकेतून सीडीएमए हे दुसरं तंत्र पण आलं, आणि खरं सांगायचं तर तंत्र म्हणून ते कमी नव्हतं, पुढे युरोपच्या ३जी ने त्यातलीच मूळ कल्पना उचलली. पण आपल्याकडच्या बहुतेक सीडीएमए हँडसेटमध्ये नंबर फोनमध्येच कोंबलेला. आमच्या घरी असाच एक होता, स्वस्त मिळाला म्हणून वडिलांनी घेतला, सर्व्हिस नीट लागेना म्हणून सोडायचं ठरवलं तर इथल्या जेल रोडला डॉलर मार्केट या मोबाइलच्या बाजारातला पोरगा म्हणतो, "भिया, हे तर डब्बा आहे, याचं काय करू." तो डब्बा अजून कपाटात आहे. माझ्या मुलाने मध्ये एकदा त्यात सिमची जागा शोधून बघितली, सापडली नाही.

१९९८ मध्ये ३जी साठी युरोप, जपान, कोरिया, अमेरिका यांच्या संस्था एकत्र आल्या आणि मिळून स्टँडर्ड बनवणारं ३जीपीपी झालं, चीन लगेच पाठोपाठ. सीडीएमएवाल्यांनी ३जीपीपी२ अशी वेगळी चूल मांडली, पण २००८ मध्ये त्यांनी पुढची पिढी सोडून दिली आणि ४जी ला सगळं जग एलटीई या एकाच स्टँडर्डवर आलं. म्हणून माझा भाचा जेल रोडवरून घेतलेला फोन घेऊन म्युनिकला उतरतो आणि विमानाचं दार उघडायच्या आत त्याला तिथलं नेटवर्क मिळतं. तिथे अडचणीत ११२ लावायचा हे युरोपने १९९१ मध्ये ठरवलं, जीएसएम फोनमध्ये तो नंबर आधीच बसवलेला, आता आपल्याकडेही तोच आहे.

आता काकांचं "आपलं स्वतःचं". ते झालंय. भारताची टीएसडीएसआय ही टेलिकॉम स्टँडर्ड बनवणारी संस्था २०१५ पासून ३जीपीपीमध्ये बरोबरीची भागीदार. तिचं म्हणणं होतं की युरोपच्या हिशेबाने टॉवर जवळजवळ असतात, आपल्याकडे खेड्यात ग्रामपंचायतीला एक टॉवर, पुढचा पाच-सहा किलोमीटरवर, मधली वस्ती कव्हर झाली पाहिजे आणि तिथला माणूस काही ताशी पाचशेच्या वेगाने पळत नाहीये. आयटीयूने ५जी च्या चाचण्यांमध्ये हा ग्रामीण भारताचा हिशेब घेतला, आणि २०२० मध्ये आपली ५जीआय ही पद्धत जागतिक ५जी च्या यादीत मान्य झाली. आयआयटी हैदराबाद आणि मद्रासकडच्या लोकांचं मोठं काम आहे हे. पण ऑपरेटर आणि चिपवाले म्हणाले, एका देशासाठी वेगळी चिप म्हणजे फोन महाग आणि रोमिंगला खोडा, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. शेवटी २०२१-२२ मध्ये ५जीआय ३जीपीपीच्या रिलीज १७ या आवृत्तीत मिसळून टाकलं.

ग्रुपवर एकाने याला "हरलो" म्हटलं. मला नाही वाटत. स्ट्रासबर्गच्या त्या टेबलाच्या एका बाजूला आपण बसलो, आपला कागद सरकवला आणि समोरच्याने तो आपल्या वहीत उतरवून घेतला, आणि वेगळं घर केलं असतं तर आपल्या कपाटातल्या डब्ब्यासारखे आणखी काही कोटी डब्बे झाले असते.

६जी चं कच्चं चित्र आयटीयूने २०२३ मध्ये आयएमटी-२०३० या नावाने मांडलंय. त्यात सहा वापर लिहिलेत, त्यातला एक म्हणजे सगळीकडे पोचणारं कनेक्शन, आणि तो मुद्दा भारताने लावून धरला असं आपलं सरकार सांगतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये आयटीयूची स्टँडर्डवाली मोठी सभा दिल्लीत भरली होती, तीही आशिया-पॅसिफिक विभागात पहिल्यांदाच. नेमकं तंत्र ३जीपीपीमध्ये अजून ठरतंय, काका, तेव्हा मुदत गेलेली नाही.