समाजमाध्यमांवरील लेखकाची व्यावसायिक ओळख

फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स, यूट्यूब, व्हॉट्सॲप यांसारख्या माध्यमांवर लेखक आपले नाव, परिचय, छायाचित्र, ग्रंथसूची व लेखनाचे नमुने वाचक, संपादक आणि प्रकाशक यांच्यापुढे ज्या रीतीने मांडतो, तिला त्याची समाजमाध्यमांवरील व्यावसायिक ओळख म्हणता येईल. खासगी खाते आप्तेष्टांसाठी असते, तर ही ओळख अनोळखी माणसासाठी असते. हा लेखक काय लिहितो, त्याचे पुस्तक कोठे मिळते आणि त्याच्याशी संपर्क कसा साधावा, एवढे त्या माणसाला विनासायास कळले पाहिजे. प्रस्तुत नोंदीत इंदूरच्या मराठी लेखकांना समोर ठेवून या विषयाचा विचार केला आहे, कारण महाराष्ट्राबाहेर राहून मराठीत लिहिणाऱ्यांना या माध्यमांची निकड अधिक भासते.

होळकरांच्या राजवटीपासून इंदुरात मराठी समाज स्थिरावलेला आहे. १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन वेळा मराठी साहित्य संमेलने या शहरात भरली आणि महाराष्ट्र साहित्य सभेसारख्या संस्थांनी येथील वाङ्मयीन वातावरण जागते ठेवले. मराठी ग्रंथव्यवहार मात्र मुख्यतः पुण्या-मुंबईत एकवटलेला राहिला. इंदूरच्या लेखकाचे पुस्तक पुण्यात छापले गेले, तरी त्याचे परीक्षण, प्रकाशन समारंभ, ग्रंथप्रदर्शनातील मांडणी या गोष्टी त्याच्या पाठीमागे, मोजक्या वाचकांच्या एका वर्तुळात होत असत आणि तो स्वतः तेथे क्वचितच उपस्थित असे. समाजमाध्यमांनी हे अंतर बरेच कमी केले. नागपूर, कोल्हापूर किंवा बडोद्याचा वाचक आता इंदूरच्या कथालेखिकेला थेट प्रश्न विचारू शकतो, ही या माध्यमांची खरी देणगी आहे.

लेखकाचा परिचय देण्याची प्रथा अर्थातच जुनी आहे. पुस्तकाच्या मलपृष्ठावरील मजकूर, दिवाळी अंकातील लेखक-परिचय आणि सभेत सूत्रसंचालकाने वाचून दाखवलेली ओळख ही तिची परिचित रूपे होत. या सर्वांत लेखकाविषयी दुसरे कोणीतरी बोलत असे, निदान तसे दिसत तरी असे. समाजमाध्यमांवर मात्र लेखकाला स्वतःविषयी स्वतःच लिहावे लागते. आत्मस्तुती करू नये हा संस्कार मराठी मध्यमवर्गात खोलवर रुजलेला असल्यामुळे अनेक लेखक, विशेषतः ज्येष्ठ पिढीतील लेखिका, स्वतःच्या पुस्तकाचा उल्लेख करण्यासही संकोचतात. उलट काही जण प्रत्येक प्रमाणपत्र, शाल-श्रीफळ आणि गौरवपत्र यांची छायाचित्रे टाकतात, त्यामुळे लेखन मागे पडते आणि सत्कार तेवढे पुढे येतात. पहिल्या प्रकारात वाचकाला पुस्तकाचा पत्ताच लागत नाही, दुसऱ्या प्रकारात पुस्तकाविषयी काहीच कळत नाही. आपले लेखन कोणते, हे निःसंकोचपणे सांगणे म्हणजे आत्मस्तुती नव्हे, हे येथे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे.

परिचयाची ओळ हा या ओळखीचा सर्वांत लहान आणि सर्वांत निर्णायक भाग होय. इन्स्टाग्रामवर तिला १५० आणि एक्सवर १६० चिन्हांची मर्यादा आहे. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी व हलन्त ही संगणकाच्या हिशेबात सामान्यतः स्वतंत्र चिन्हे धरली जातात. उदाहरणार्थ, ‘क्षि’ या एका अक्षरात चार चिन्हे असतात. त्यामुळे मराठीत ही जागा डोळ्यांना वाटते त्याहून लवकर भरते. ‘शब्दांची सखी, पावसाची वेडी, स्वप्नांच्या गावची पाहुणी’ अशी ओळ कानाला गोड लागते, परंतु तिच्यावरून ती व्यक्ती कविता लिहिते की केवळ कविता वाचते, हेही समजत नाही. याउलट ‘कथालेखिका व अनुवादक. दोन कथासंग्रह प्रकाशित. मराठी आणि हिंदीत लेखन. इंदूर.’ ही ओळ मर्यादेच्या निम्म्याच्या आसपास संपते आणि दिवाळी अंकासाठी कथा मिळवू पाहणाऱ्या संपादकाला हवे ते सर्व सांगते. उरलेल्या जागेत ताज्या पुस्तकाचे नाव बसते. ‘सुप्रसिद्ध’, ‘ख्यातनाम’ ही विशेषणे इतरांनी वापरायची असतात. स्वतःच्या परिचयात त्यांचा उपयोग नाही.

नावाचा प्रश्न मराठी लेखकांच्या बाबतीत थोडा गुंतागुंतीचा आहे. कुसुमाग्रज, ग्रेस, आरती प्रभू अशा टोपणनावांची मोठी परंपरा मराठीला लाभली आहे. फेसबुकचा नियम मात्र असा की, वैयक्तिक खात्यावर दैनंदिन जीवनात वापरले जाणारे नाव असावे. केवळ टोपणनावाने उघडलेल्या खात्याविषयी तक्रार झाल्यास ते बंद पडण्याचा धोका संभवतो. यावर सोयीचा मार्ग म्हणजे टोपणनावाने स्वतंत्र पान (पेज) चालवणे. ही पानांची सोय फेसबुकने २००७ साली सुरू केली. वैयक्तिक खात्यावरील पाच हजार मित्रांची मर्यादाही पानाला लागू नसते. विवाहानंतर आडनाव बदललेल्या लेखिकांनी पुस्तकावर जे नाव छापले आहे तेच पानावर ठेवावे आणि रोमन लिपीतील त्याचे स्पेलिंग सर्वत्र एकच असावे, अन्यथा शोध घेणाऱ्या वाचकासाठी एकाच लेखिकेच्या दोन व्यक्ती होतात.

इंदूरच्या लेखकापुढे याहून मोठा प्रश्न असतो तो भाषेचा. माळवा आणि ग्वाल्हेर या भागांत मराठी घरांतून हिंदी साहित्यिक घडण्याची परंपरा आहे. मुक्तिबोध घराण्यातील गजानन माधव हिंदीचे थोर कवी झाले, तर त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र यांनी मराठीत कविता, कादंबरी व समीक्षा लिहिली. ग्वाल्हेरला जन्मलेल्या प्रभाकर माचवे यांनी दोन्ही भाषांत लेखन केले. आजही इंदूरच्या अनेक लेखकांचे शेजारी, सहकारी आणि विद्यार्थी हिंदीभाषक असतात, तर त्यांच्या मराठी कथांचे वाचक चार-पाचशे किलोमीटर दूर असतात. एकाच पानावर दोन्ही भाषांतील लेखन सरमिसळ करून टाकले, तर मराठी वाचकाला निम्मा मजकूर आपल्यासाठी नाही असे वाटते आणि हिंदी वाचकाचीही तीच गत होते. दोन पाने चालवली तर श्रम दुप्पट होतात आणि त्यांतले एक पान हळूहळू ओस पडते. अनुभवाने स्थिरावलेली रीत अशी की, पान एकच ठेवावे, परिचय दोन्ही भाषांत द्यावा, प्रत्येक लेखन मूळ भाषेत टाकावे आणि खाली दुसऱ्या भाषेत दोन वाक्यांत त्याचा आशय सांगावा. यात लेखकाची द्वैभाषिकता झाकली जात नाही, उलट तीच त्याची खरी ओळख ठरते. पुण्याच्या संपादकाला आपण ‘बाहेरचे’ वाटू या भीतीने इंदूरचा उल्लेख टाळण्याची प्रवृत्ती काही लेखकांत दिसते. ती अनाठायी आहे, कारण सराफ्याच्या खाऊबाजारातली रात्र, राजवाड्याचा परिसर आणि हिंदीच्या शेजाराने रंगलेली घरगुती मराठी हे त्यांच्या लेखनाचे असे बळ आहे, जे इतर कोणाकडे सहसा नसते.

पानावर काय टाकावे आणि काय राखून ठेवावे, याचा विचार प्रकाशनाच्या दृष्टीने आवश्यक आहे. अनेक नियतकालिके व स्पर्धा ‘अप्रकाशित’ साहित्यच मागवतात, आणि समाजमाध्यमावर संपूर्ण टाकलेली कविता किंवा कथा त्यांच्या दृष्टीने प्रकाशित ठरू शकते. म्हणून पाठवायच्या कथेतील एखादा परिच्छेदच पानावर द्यावा. नव्या पुस्तकाच्या वार्तेसोबत केवळ मुखपृष्ठ न देता प्रकाशक, पृष्ठसंख्या, किंमत आणि टपालाने मागवण्याची पद्धत ही माहिती दिली, तर इंदूरसारख्या ठिकाणी, जेथे मराठी पुस्तके मिळणारी दुकाने मोजकी आहेत, वाचकाची मोठी सोय होते.

भारतात स्वामित्व हक्क लेखनाबरोबरच निर्माण होतो आणि त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार, हक्क दुसऱ्याकडे सोपवल्यानंतरही कर्तृत्व सांगण्याचा आणि कृतीची मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो. प्रत्यक्षात मात्र व्हॉट्सॲपवर नावाविना, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलत्याच नामवंताच्या नावाने फिरणाऱ्या कविता हा मराठी कवींचा नित्याचा मनस्ताप आहे. मूळ कविता दिनांकासह आपल्या पानावर असणे हा अशा वेळी कर्तृत्वाचा उपयुक्त पुरावा ठरतो. चित्ररूपात टाकलेल्या कवितेत नाव तळाशी न देता शीर्षकालगत दिले, तर ते कापून टाकणे अवघड जाते.

खात्यापुढील निळ्या खुणेला आता पूर्वीचे वजन उरलेले नाही. ट्विटरने (आताच्या एक्सने) २००९ मध्ये ती ओळखीची खातरजमा म्हणून आणली, परंतु २०२२ च्या अखेरीस ती पैसे भरून मिळू लागली. वाचकाचा विश्वास अशा खुणेपेक्षा लेखकाच्या वागण्यातून मिळतो. उदाहरणार्थ, प्रकाशकाकडून विनामूल्य आलेल्या पुस्तकाची शिफारस करताना तसे नमूद करणे हा साधा प्रामाणिकपणा आहे. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसारही समाजमाध्यमांवरील प्रभावी व्यक्तींनी (इन्फ्लुएन्सर) असे लागेबांधे उघड करणे अपेक्षित आहे.

दिवाळी अंकात कथेखाली लेखकाचा घरचा पत्ता व दूरध्वनी छापण्याची जुनी पद्धत पुष्कळांनी समाजमाध्यमांवरही तशीच नेली आहे. अंक काही हजार वाचकांत राहतो, पान मात्र कोणालाही दिसते. लेखिकांना रात्री-अपरात्री येणारे अनाहूत फोन हा त्याचाच परिणाम असतो. त्यामुळे पत्रव्यवहारासाठी स्वतंत्र ईमेल ठेवणे इष्ट होय. पानाच्या व्यवस्थापनात विश्वासातील आणखी एका व्यक्तीस सहभागी करून घेणेही तितकेच महत्त्वाचे आहे, कारण लेखकाच्या हयातीनंतर त्याच्या साहित्याचा स्वामित्व हक्क साठ वर्षे टिकतो आणि त्या काळात पुनर्मुद्रणाची परवानगी मागणारा प्रकाशक वारसांचा शोध बहुधा त्याच पानावर घेईल.